पाणीखात्याचे हिंदुराव मगदूम यांनी कन्येस लॅपटॉप घेतला ती हकीकत

श्री. विघ्ने धाडणारा आणि विघ्ने निवारणारा एकच, त्या एकदंतास आधी नमन. मग शारदेस नमन, जी विद्या फुकट देते परंतु विद्येचे सामान ज्याचे त्याने आणावे म्हणते. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, भाद्रपद मास, येथपासून वर्षभर एका राज्यात जे वर्तमान जाहले ते जैसे घडले तैसे लिहिले आहे, पदरचे घातले नाही. राज्याचे नाव लिहिणे उचित नव्हे, सबब लिहिले नाही. राज्याचा विस्तार दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि पुढे फरशीचा तुकडा, इतकाच; पूर्वेस नगरपालिकेची पाण्याची टाकी, पश्चिमेस पंपहाऊस, बाकी दोन दिशांस शेजारी. राज्याचे धनी हिंदुराव मगदूम, उमर बावन्न, पाणीखात्यात पंप चालविण्याच्या कामावर चोवीस वर्षे. त्यांनी कळ दाबावी तेव्हा अर्ध्या शहराच्या नळास पाणी यावे, ऐसा अधिकार. त्यांचे कुटुंब वैजयंताबाई, घरी बसोन साड्यांस फॉल-पिको करीत आणि सणासुदीस चकल्यांच्या ऑर्डरी घेत. उभयतांस एकच कन्या राजनंदिनी, उमर अठरा, इमारतींचे नकाशे काढण्याच्या कॉलेजात नुकतीच दाखल जाहली होती, आणि गुणवत्तेवर सरकारी जागा मिळाली म्हणोन हिंदुरावांनी पंपहाऊसात पेढे वाटिले होते.

हिंदुरावांचा एक बाणा होता, तो राज्यात आणि राज्याबाहेर सर्वांस ठाऊक. जन्मात कोणाचा रुपया उसना घेतला नाही आणि घेणारही नाही. पंपहाऊसात कोणी हप्त्याने फोन घेतला, कोणी हप्त्याने मोटारसायकल घेतली, की हिंदुराव त्यास समोर बसवून बोलत की, "अरे, फोन तुझा आणि झोप कंपनीची, हा कसला व्यवहार? माझं पोटाचं ऑपरेशन झालं, अपेंडिक्स फुटलं होतं, मरता मरता वाचलो, तेव्हासुद्धा कुणापुढं हात पसरला नाही." आणि ऐकणारे खाली मान घालीत. चार वर्षांमागे वैजयंताबाईंच्या धाकट्या बहिणीने बँकेचे कर्ज काढून घर बांधिले आणि वास्तुशांतीचे आमंत्रण घेऊन नवराबायको घरी आली, तेव्हा हिंदुराव त्यांच्या तोंडावर बोलिले की, "कर्जाच्या घरचं जेवण मला पचत नाही," आणि गेले नाहीत. वैजयंताबाई एकट्या गेल्या, आहेर केला, जेवल्या आणि परत आल्या, आणि त्याविषयी पुढे एक अक्षर बोलिल्या नाहीत. हिंदुरावांस वाटले, विषय मिटला. विषय मिटला नव्हता, हे पुढे कळेल.

मग भाद्रपदात राजनंदिनी कॉलेजातून एक कागद घेऊन आली. दुसऱ्या वर्षापासून नकाशे यंत्रावर काढावयाचे, सबब प्रत्येकाने लॅपटॉप आणावा, तो अमुक ताकदीचा असावा, ऐसा मजकूर. हिंदुरावांनी पुसले, "याची किंमत काय?" राजनंदिनी बोलिली, "चौऱ्याण्णव हजार." हिंदुरावांनी चष्मा काढिला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "किती?" ती पुन्हा तेच बोलिली. "स्वस्तातला नसतो होय गं?" "असतो आबा. पण त्यावर आमचं सॉफ्टवेअर चालत नाही. चार मजले काढले की पाचव्या मजल्याला मशीन बसतं." हिंदुराव मनात हिशेब करू लागले. त्यांच्या स्वतःच्या लग्नास, मांडव, जेवणे, बेंडबाजा धरोन, इतका खर्च आला नव्हता. आणि इतक्या मोलाची वस्तू एक मुलगी पाठीवर टाकोन बसमध्ये चढणार, हा विचारच त्यांस पटेना. मग त्यांनी दोघींस बसवून मसलत केली आणि निकाल दिला की, एक वर्ष आहे, साठवू, रोख घेऊ.

तेव्हापासून राज्यात काटकसर सुरू जाहली. बिस्किटांचा पत्र्याचा एक चौकोनी डबा होता, तो खजिना ठरला आणि कपाटात साड्यांखाली गेला. हिंदुरावांनी तंबाखू सोडली आणि टपरीचा चहा सोडला, त्याचे महिना नऊशे; आणि सुट्टीच्या दिवशीही कामावर जाऊ लागले, त्याचे वर बाराशे. तंबाखू सोडल्यापासून त्यांचा स्वभाव पहिले दोन महिने ऐसा जाहला की पंपहाऊसातील मांजरही त्यांच्या पाळीस बाहेर बसे. राजनंदिनीने लग्नसराईत मेंदी काढिली आणि वरच्या वर्गातील मुलांस पुठ्ठ्याच्या इमारती करून दिल्या, त्यात बोटे कापून घेतली आणि वर्षाकाठी चौदा हजार आणिले. वैजयंताबाईंनी आपल्या शिवणकामातून महिना बावीसशे द्यावेत ऐसे ठरले. आणि त्यांची तारीख कधी चुकली नाही. दर महिन्याच्या पाच तारखेस हिंदुराव डबा काढीत, पलंगावर नोटा मांडीत आणि दोनदा मोजीत. हिंदुरावांस या मोजण्यात ऐसा आनंद होई की जैसा पूर्वी तंबाखूत होत होता. माघ महिन्यापासून वैजयंताबाई थोड्या खंगल्या, बोलणे कमी जाहले, आणि फोन वाजला की तो घेऊन त्या बाहेर फरशीवर जाऊ लागल्या. हिंदुरावांनी हे पाहिले, परंतु त्यांस वाटले बहिणीचा फोन असेल आणि कर्जाच्या घराच्या गोष्टी आपल्यासमोर नकोत म्हणोन बाहेर जात असतील. यात त्यांस उलट बरेच वाटले.

मग शके एकोणीसशे सत्तेचाळीस लागले, संवत्सर विश्वावसु, आणि आषाढात दुसरे वर्ष सुरू जाहले. डबा मोजिला तो एकसष्ट हजार तीनशे भरला. बत्तीस हजार सातशे उणे. राजनंदिनी दबकत बोलिली, "आबा, राहिलेल्या पैशांचे हप्ते करून मिळतात. दुकानातच होतं सगळं, अर्ध्या तासात." हिंदुराव बोलिले, "हप्त्याचं नाव या घरात काढायचं नाही." आणि नवल म्हणजे वैजयंताबाईही त्यांच्याच बाजूने उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "राहू दे की. दिवाळीपर्यंत थांब. हप्ते नकोत." हिंदुरावांस याचा अभिमान वाटला की चोवीस वर्षांत आपला बाणा कुटुंबाच्या अंगी उतरला. परंतु तीन दिवसांनी सकाळी कन्या पोहे खात असता त्यांनी सहज पुसले की अभ्यास कैसा चालला, तेव्हा ती ताटलीकडे पाहत बोलिली, "चाललाय. मैत्रीण जेवायला जाते तेव्हा तिच्या लॅपटॉपवर करते. ती वीस मिनिटांत जेवते." तिने तक्रार केली नाही, पोहे संपविले आणि गेली. हिंदुराव पंपहाऊसात गेले तेथेही त्यांस ती वीस मिनिटे दिसो लागली. सायंकाळी घरी येऊन बोलिले, "घेऊ. हप्त्यानं घेऊ. जन्मात एकदाच." आणि कन्या रडू लागली आणि वैजयंताबाई स्वयंपाकघरात गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. हिंदुरावांस वाटले, आनंद.

श्रावण शुद्ध सप्तमी, गुरुवार, या दिवशी दोन प्रहरी डबा पिशवीत घालोन तिघांनी दुकानाकडे कूच केले. वैजयंताबाई निघतेवेळी बोलिल्या की डोके दुखते, मी घरी थांबते, परंतु कन्येने हात धरिला, म्हणाली, "आई, तुझेच पैसे जास्त आहेत त्यात. तू नाही तर मी पण नाही." मग त्या आल्या. दुकान मोठे, थंडगार, एका बाजूस कपडे धुण्याची यंत्रे ओळीने उभी आणि दुसऱ्या बाजूस लॅपटॉप उघडे मांडलेले. राजनंदिनीने पाहिजे ते यंत्र दाखविले, त्याच्या पडद्यावर एक डोंगर हलत होता, आणि तिने त्यावर बोट न लावता नुसते कडेने फिरविले. मग हप्त्यांच्या टेबलाशी गेले. तेथे मुजावर मॅडम म्हणोन एक बाई होत्या, बोलण्यात गोड आणि कामात चोख. त्यांनी हिंदुरावांचे आधारकार्ड, पगाराची पावती ऐसे कागद घेतले, यंत्रात मजकूर भरिला आणि थांबल्या. पुन्हा भरिला. मग चष्म्यावरून पाहत बोलिल्या, "काका, तुमचं आमच्याच कंपनीचं एक कर्ज चालू आहे ना?"

हिंदुराव हसले. म्हणाले, "मॅडम, माणूस चुकला तुमचा. मी जन्मात कर्ज घेतलेलं नाही." "हिंदुराव गणपती मगदूम, तुम्हीच ना?" "मीच. पण दुसरा कोणी असेल. मगदूम काय एकच आहेत का?" मुजावर मॅडमनी जन्मतारीख वाचिली, ती हिंदुरावांची. पत्ता वाचिला, तोही त्यांचाच, पाण्याच्या टाकीसकट. मग आवाज खाली करून बोलिल्या, "तीन वर्षांपूर्वीचं आहे, साठ हजारांचं. माघापर्यंतचे सव्वीस हप्ते नियमित भरलेत. त्यानंतरचे सहा हप्ते थकलेत काका. म्हणून नवीन होत नाही." मागे दोन गिऱ्हाइके उभी होती, ती ऐकत होती. हिंदुराव बोलिले, "माझ्या नावावर कोणी दुसऱ्यानं उचललंय. मी पोलिसांत जाणार. दाखवा मला, कोण आहे तो." वैजयंताबाई त्या समयी मागे कपडे धुण्याच्या यंत्रांपाशी उभ्या होत्या, त्या पुढे येऊन हळूच बोलिल्या, "अहो, चला घरी जाऊ." हिंदुराव बोलिले, "तू थांब. हा अब्रूचा प्रश्न आहे." मग मुजावर मॅडमनी उभयतांकडे पाहिले आणि पडदा हिंदुरावांकडे वळविला.

पडद्यावर एक छबी होती. हिंदुरावांचीच. दाढी वाढलेली, डोळे अर्धे मिटलेले, अंगात दवाखान्याचा हिरवा सदरा आणि मागे सलाइनची बाटली. छबीखाली सही, ती वाकडी, अर्धी ओळीखाली घसरलेली, परंतु 'म'चा फाटा त्यांच्याच हातचा, तो चोवीस वर्षे हजेरीबुकात पडत आला होता. आपलेच तोंड आपणांस अनोळखी वाटावे, ऐसा प्रसंग माणसावर क्वचित येतो. त्यांस अंधूक आठवले की ऑपरेशनच्या आधी कोणी उशाशी कागद धरिला होता आणि 'इथं सही करा' म्हणाले होते, आणि वेदनेत त्यांनी केली होती, ती ऑपरेशनच्या संमतीची ऐसे ते आजवर समजत होते. मुजावर मॅडम बोलिल्या, "फोन नंबर हा दिलाय. यावर आम्ही फोन करतो, उचलतात, पण पैसे येत नाहीत." आणि त्यांनी नंबर वाचावयास सुरुवात केली. सहावा आकडा आला तेव्हा राजनंदिनीने वडिलांचा दंड धरिला आणि बोलिली, "आबा, थांबा. हा आईचा नंबर आहे." हिंदुरावांनी मान वळविली. वैजयंताबाई पदराचे टोक मुठीत धरून तेथेच उभ्या होत्या आणि खाली फरशीकडे पाहत होत्या. दुकानात कोठे तरी फ्रिजचे दार उघडून कोणी बंद केले, तो आवाज हिंदुरावांस तोफेऐसा ऐकू आला. त्यांनी कागद उचलिले, डब्याची पिशवी उचलिली, मुजावर मॅडमला म्हणाले, "तुमची काही चूक नाही," आणि बाहेर पडले.

घरी येऊन हिंदुराव पलंगावर बसले, डबा मांडीवर, आणि पुसले, "काय केलंस हे?" तेव्हा वैजयंताबाई उभ्याच राहिल्या आणि बोलिल्या, "दवाखान्याचं बिल एक लाख चाळीस हजार होणार होतं. तुमच्या खात्याच्या योजनेतनं ऐंशी हजारच मिळाले, तुम्हाला वाटलं सगळं त्यातच भागलं. वरचे साठ हजार आज भरा नाही तर ऑपरेशन उद्यावर, म्हणाले. अपेंडिक्स फुटलेलं होतं. मी कुठनं आणणार होते? खाली कंपनीचा माणूस बसलेला असायचा, त्यानं अर्ध्या तासात करून दिलं. बावीसशेचा हप्ता, छत्तीस महिने. म्हटलं, पिकोच्या पैशातनं फेडीन, तुम्हाला कळणार पण नाही." "सव्वीस हप्ते भरलेस." "भरले. माघात कोपऱ्यावर ते नवीन दुकान झालं, दहा मिनिटांत फॉल लावून देतात, माझं काम निम्म्यावर आलं. मग बावीसशेच राहायला लागले हातात. एक तर डब्यात टाकायचे, नाही तर कंपनीत." हिंदुराव बोलिले, "मग डब्यात का टाकलेस?" वैजयंताबाई बोलिल्या, "डबा तुम्ही मोजत होता."

राजनंदिनी दाराशी उभी होती, तिने दोन्ही हातांनी तोंड झाकिले. वैजयंताबाईंचे बोलणे आता थांबेना, तीन वर्षे दाबलेले होते. त्या बोलिल्या की वसुलीचा माणूस एकदा दारापर्यंत आला, हिंदुराव कामावर होते, तेव्हा त्यास फाटकातच गाठोन पाचशे रुपये आणि चकल्यांची पुडी दिली, आणि तो म्हणाला, वहिनी, मी आठ दिवस थांबतो, पण साहेब थांबणार नाहीत. आणि तेव्हापासून फाटक वाजले की त्या आधी खिडकीतून पाहत. हिंदुराव इतकेच बोलिले, "मला सांगायचं होतंस गं." तेव्हा वैजयंताबाईंनी प्रथमच मान वर केली आणि आवाज न चढविता बोलिल्या, "कसं सांगणार होते? माझ्या बहिणीला तुम्ही तोंडावर म्हणालात, कर्जाच्या घरचं जेवण पचत नाही. अहो, ते जेवण पचवणारं पोटच कर्जाचं आहे. टाके कर्जाचे आहेत."

हिंदुरावांचा हात आपसूक पोटाशी गेला. तीन वर्षे जो देह घेऊन ते पंपहाऊसात लोकांस उपदेश करीत होते, तो देहच हप्त्यावर होता, आणि हप्ता चुकविणारेही तेच. हे त्यांच्या ध्यानी आले. राग यावा तर कोणावर, हेही त्यांस समजेना. राजनंदिनी जवळ येऊन बोलिली, "मला नको लॅपटॉप. खरंच नको आबा. माझ्यामुळं झालं हे." त्यावर हिंदुराव बोलिले, "तू गप बस. तुझ्यामुळं काही झालं नाही. माझ्या तोंडामुळं झालं." आणि उठोन पंपहाऊसाकडे गेले. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ते कामावर राहिले. वेळेवर पाणी सोडिले, वेळेवर बंद केले, घरी येऊन जेवले, परंतु घास घेताना थांबत आणि पोळीकडे पाहत. दुसऱ्या दिवशी एक सहकारी नव्या टीव्हीचा हप्ता बसला म्हणोन सांगत होता आणि सवयीने हिंदुरावांच्या उपदेशाची वाट पाहत थांबला, हिंदुरावांनी विचारले, "किती इंची आहे?" आणि तो माणूस घाबरून गेला की यांची प्रकृती बिघडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी हिंदुरावांनी डबा काढिला आणि वैजयंताबाईंस म्हणाले, "साडी बदल. कंपनीत जाऊ. तू पुढं, मी मागं. मला तिथलं काही माहीत नाही." उभयता कंपनीच्या दफ्तरात गेली. थकलेले सहा आणि पुढचे चार मिळोन दहा हप्ते, त्याचे बावीस हजार आणि वर दंडाचे तीन हजार चारशे, ऐसे पंचवीस हजार चारशे मोजोन दिले. मोजणे वैजयंताबाईंनी केले. दफ्तरातील साहेबाने कर्ज फिटल्याचा दाखला छापोन दिला, तो हिंदुरावांनी उभ्याने वाचिला, मग बसोन वाचिला, आणि पुसले, "मी यांचा नवरा. यांनी तीन वर्षं जे भरलं त्याच्या सगळ्या पावत्या एकत्र मिळतील का?" साहेब बोलिला, "मिळतील, पण आता त्यांचा उपयोग काय?" हिंदुराव बोलिले, "मला बघायच्यात." पावत्यांची यादी दोन पाने भरली. मार्गशीर्षापासूनच्या तारखा, एकेक बावीसशे. त्यांत एक तारीख राजनंदिनीच्या बारावीच्या निकालाची होती, एक त्यांच्या स्वतःच्या वाढदिवसाची. त्या वाढदिवशी वैजयंताबाईंनी श्रीखंड केले होते आणि हिंदुराव म्हणाले होते की चक्का आंबट आहे. यादी वाचोन त्यांनी घडी केली आणि खिशात ठेविली.

आता डब्यात पस्तीस हजार नऊशे राहिले, आणि लॅपटॉप तो चौऱ्याण्णव हजारांचाच. कंपनी सहा महिने तरी नवे हप्ते देणार नव्हती. पाणीखात्याच्या नोकरांची एक पतसंस्था होती, तीत हिंदुराव चोवीस वर्षे सभासद, दरवर्षी लाभांशाचे ताट नाहीतर डबा घरी आणीत, परंतु कर्जाचा अर्ज त्यांनी कधी हाती धरिला नव्हता. अर्जास दोन जामीन लागतात. तेव्हा हिंदुराव पंपहाऊसात गेले, तेथे तुकाराम लोखंडे म्हणोन पस्तिशीतला सहकारी होता, तो पाना घेऊन व्हॉल्व्ह आवळीत होता. दोन वर्षांमागे याच लोखंड्याने पत्नीच्या बाळंतपणासाठी जामीन मागितला होता आणि हिंदुरावांनी नाही म्हटले होते, वर उपदेश केला होता. हिंदुराव त्याच्यासमोर उभे राहोन बोलिले, "लोखंडे, मला जामीन पाहिजे." "कुणासाठी?" "माझ्यासाठी." लोखंड्याच्या हातचा पाना तैसाच राहिला. तो बोलिला, "काका, बरं आहे ना घरी सगळं?" तेव्हा हिंदुरावांनी जे जाहले ते सर्व त्यास सांगितले, दवाखाना, छबी, फोनचा नंबर, सहा हप्ते, काही लपविले नाही, आणि सांगता सांगता पंपाशेजारचे आणखी दोघे येऊन उभे राहिले तरी आवाज खाली केला नाही. लोखंड्याने पाना खाली ठेविला, चिंधीने हात पुसले आणि बोलिला, "तुम्ही मला नाही म्हणाला होता, ते मी विसरलेलो नाही." हिंदुराव बोलिले, "विसरू नकोस." मग लोखंडे बोलिला, "सही कुठं करायची?" दुसरी सही स्टोअरकीपर बनसोडे यांनी केली, ते म्हणाले, "मगदूम, मी तर धरून चाललो होतो की तू देवाघरूनसुद्धा रोखीत आलायस." कोणी हसले नाही, मग हिंदुराव स्वतः हसले, मग सर्व हसले.

पतसंस्थेने साठ हजार मंजूर केले. करारनामा चार पानांचा होता, तो हिंदुरावांनी ओळीओळीने वाचिला, न कळलेले दोनदा पुसले, खिडकीशी रांग लागली आणि व्यवस्थापक घड्याळाकडे पाहू लागला तरी घाई केली नाही. वैजयंताबाई शेजारी बसल्या होत्या, त्यांस म्हणाले, "तूपण वाच. मग मी करतो." त्यांनी वाचिले. मग सही केली.

भाद्रपद शुद्ध तृतीयेस तिघे पुन्हा त्याच दुकानात गेले. हिंदुरावांस त्या दारातून आत जाणे जड गेले, परंतु गेले. मुजावर मॅडम त्यांस पाहोन उठोन उभ्या राहिल्या आणि खुर्ची पुढे केली. यंत्र तेच निघाले, दाम रोख मोजिला, उरले ते पाठीवरच्या बॅगेस आणि रिक्षास लागले. बिल करणाऱ्याने विचारले, "नाव काय टाकू?" राजनंदिनी बोलावयास गेली, परंतु हिंदुराव आधी बोलिले, "वैजयंता हिंदुराव मगदूम." वैजयंताबाई दचकल्या. म्हणाल्या, "अहो, माझं कशाला? वापरणार ती, पैसे भरणार तुम्ही." हिंदुराव बोलिले, "माझ्या नावानं तू फेडलंस. तुझ्या नावानं मी फेडतो. लिहा हो तुम्ही." बिल छापोन आले. वैजयंताबाईंनी ते दोन्ही हातांनी धरिले आणि आपले नाव वाचिले. कोणत्याही वस्तूच्या कागदावर ते यापूर्वी आले नव्हते. मग बिल करणाऱ्यास बोलिल्या, "मात्रा चुकलीय, पण राहू दे." आणि बिल आपल्या पिशवीत ठेविले.

राजनंदिनी हल्ली घरीच बसोन सहा सहा मजले काढिते आणि यंत्र बसत नाही. पतसंस्थेचा हप्ता दर महिन्यास पगारातून कापला जातो आणि पगाराची पावती हिंदुराव घरी आणोन तिघांसमोर वाचितात.

येणेप्रमाणे सदर राज्याचे वर्तमान. सारांश इतकाच, की पूर्वी राज्य कर्जात होते आणि धन्यास ठाऊक नव्हते. आता राज्य कर्जात आहे आणि तिघांस ठाऊक आहे. लेखनसीमा.